आहेरातला वकील

माझ्या लग्नात मला आहेरात दोन लुगडी, पितळेचा एक तांब्या, शेजारणीकडून दुधाची कासंडी आणि एक वकील मिळाला. लुगडी विरली, तांब्याला पोचे पडले, कासंडी नणंदेनं नेली ती नेलीच. वकील मात्र पुष्कळ वर्षं पुरला.

भोरला संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. माझे वडील, आबा, संस्थानच्या कोर्टात पट्टेवाले होते. आयुष्यभर दाराबाहेर उभं राहून पुकारा करायचं काम, त्यामुळे कुठल्याही घरी गेले तरी उंबऱ्याच्या अलीकडेच थांबायचे. कोणी 'आत या' म्हटलं की घाबरायचे. अशा माणसाच्या मुलीच्या लग्नाला वकीलसाहेब येतील असं बाहेरच्या कोणाला वाटलं नसतं. पण ते गरिबाघरचं एकही लग्न चुकवत नसत. बोलावलं नाही तरी येत आणि 'निमंत्रण मिळालं नाही, तरी हरकत नाही' असं जाहीर करून पंगतीला बसत.

आमच्याकडे आहेर पुकारायची पद्धत होती. एक मोठ्या आवाजाचा माणूस मांडवात उभा राहायचा आणि कोणाकडून काय आलं ते ओरडून सांगायचा. त्याचं संपलं की वकीलसाहेब उठायचे. काळा कोट, डोक्याला पागोटं, हातात काही नाही. घसा खाकरून म्हणायचे, "माझ्याकडून नवरीला एक काम."

एवढंच. म्हणजे त्या मुलीला जन्मात कधीही वकिलाची गरज लागली, तर एक काम ते फुकट करणार. अट एकच. काम नवरीचं पाहिजे. नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं चालणार नाही. पुढे माझ्या यजमानांनी एकदा बांधाच्या भांडणासाठी हा आहेर वापरून बघितला होता. वकीलसाहेबांनी त्यांना चहा पाजला, सगळी हकिगत नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुमची बाजू खरी आहे. पण तुम्ही नवरी नव्हे." यजमान तसेच घरी आले आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

लग्नात कोर्टाचं नाव काढतात म्हणून बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. माझ्या आईनं तर लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. आबांनी भीतभीत विचारलं, "साहेब, एखादं भांडं दिलं असतंत तरी पोर खूश झाली असती." त्यावर ते म्हणाले, "भांडी सगळेच देतात. भांडं सासरी जातं आणि सासरचं होऊन बसतं. सासरचं होणार नाही असं काहीतरी एक पोरीजवळ असावं."

तेव्हा मला हे कळलं नाही. मी चौदा-पंधरा वर्षांची. मला वाटलं, कंजूष आहेत.

कंजूष नव्हते, विक्षिप्त होते. भोरात त्यांच्या गोष्टी घरोघर चालायच्या. बाजारात वांगी घ्यायची तरी उलटतपासणी. "सकाळी तोडली म्हणतेस. उजाडायच्या आधी की नंतर? आधी, तर अंधारात कीड कशी दिसली? नंतर, तर इतक्या लवकर बाजारात कशी पोचलीस?" माळीण म्हणायची, "घ्या न्हाईतर ठिवा, सायेब. वांगं हाय, कुळकायदा न्हवं." मग ते गुपचूप घ्यायचे आणि घरी गेल्यावर वकीलीणबाई त्यातली निम्मी किडकी म्हणून फेकून द्यायच्या. घरातही बोलणं तसंच. भाजीत मीठ जास्त झालं तर 'आमची हरकत नोंदवावी' म्हणायचे. वकीलीणबाई म्हणायच्या, "नोंदवली. आता जेवा."

आणि ते पागोटं. त्या काळी संस्थानच्या कोर्टात बोडक्या डोक्यानं कोणाला उभं करत नसत, आणि वकीलसाहेबांजवळ पागोटं एकच. त्यामुळे त्याची भारी काळजी. पाऊस आला की पागोटं काढून कोटाच्या आत पोटाशी धरायचे आणि स्वतः भिजत जायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "डोकं आपोआप वाळतं. पागोट्याला दोन दिवस लागतात, आणि मधे अशील तुरुंगात जातो."

त्यांनी आहेरात दिलेली कामं बायकांनी कशाकशाला वापरली ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. एकीनं जावेनं पळवलेल्या कोंबडीसाठी वापरलं. वकीलसाहेब खरोखर त्या वाडीत गेले आणि दोन्ही जावांना समोरासमोर उभं करून, कोंबडी कोणाच्या हाकेला येते ते बघून निकाल लावून आले. लोक म्हणाले, एवढा शिकलेला माणूस आणि कोंबडीमागे हिंडतो. ते म्हणाले, "तिला तेवढंच हवं होतं. मी कोण ठरवणार?"

मला वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीत दिलं होतं. समोर तोरणा, खाली भाताची खाचरं, आणि माणसांपेक्षा गुरं जास्त. भोरहून निघालं की खिंड चढून, मधे धनगरवाड्यावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पोचायचं. सासर वाईट नव्हतं. खायला होतं, यजमान शांत होते. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला माहेरी धाडत नव्हत्या.

आमच्यात नागपंचमीला भाऊ येतो आणि बहिणीला माहेरी घेऊन जातो. त्या न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. मला भाऊ नव्हता, मी एकटीच. पहिल्या पंचमीला आबा आले. रीतीप्रमाणे लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाहीत, सवयीप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "बाप कुठं मुराळी म्हून येतो व्हय? भाऊ यिऊ द्या, मग धाडू." आबांनी मान डोलावली आणि आल्या पावली परत गेले. पायवाटेच्या वळणावर त्यांनी एकदा मागे बघितलं. दुसऱ्या वर्षी ते आलेच नाहीत.

आणि इकडे आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. बाजाराहून येणारी धनगरीण निरोप आणायची. आधी निरोप आला, आईला सुईत दोरा ओवता येत नाही. मग आला, आई भाकरी हातानं चाचपून उलटते. तिसऱ्या पावसाळ्यात निरोप आला, "माणूस दिसतं, तोंड न्हाई दिसत. म्हनली, आता येशील तर थोडी तरी दिसशील." मी गोठ्यात गेले आणि म्हशीच्या आडोशाला उभी राहून पोटभर रडले. दुसरं काय करणार? मग एकदम आठवलं, की सासरचं न झालेलं असं माझ्याजवळ एक काहीतरी आहे.

मी धनगरणीला म्हटलं, "भोरला वकीलसाहेबांच्या घरी जा. म्हणावं, माझं काम काढलंय."

पंचमीच्या आदल्या दिवशी ते आले. गुडघ्यापर्यंत चिखल, कोट निथळतोय आणि कोटाच्या आत पोटाशी कोरडं पागोटं. लावण्या उरकत आल्या होत्या, त्यामुळे माणसं घरीच होती. त्यांनी ओसरीवर बसायला खुर्ची मागितली. आमच्याकडे खुर्ची कुठली? पालथ्या घातलेल्या पाटीवर बसले, पागोटं डोक्यावर चढवलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "मी हिला न्यायला आलोय."

आत्याबाई म्हणाल्या, "तुमी कोन?"

"वकील."

"वकिलाचा आन पंचमीचा काय संबंद? मुराळी म्हून भाऊ येतो."

"जो स्वतः हजर राहू शकत नाही, त्याच्या वतीनं वकील हजर राहतो. हिचा भाऊ हजर राहू शकत नाही."

"हिला भाऊच न्हाई!"

"म्हणूनच हजर राहू शकत नाही."

ओसरीवर जमलेली माणसं हसली. यजमानही हसले, मग आपल्या आईकडे बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. आत्याबाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "सायेब, तुमचं कोरट भोरात. हितं माझं घर हाय. म्या धाडत न्हाई म्हंजे न्हाई."

"का धाडत नाही?"

"न्हाई धाडत."

मग वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली. भोरात म्हणायचे की त्यांच्या उलटतपासणीत दगडालाही घाम फुटतो. मी माजघराच्या दाराआडून ऐकत होते. माझी सुटका एवढ्या एका माणसाच्या जिभेवर होती.

"हिच्या आधी या घरात सून होती?"

"व्हती. थोरली."

"तिला माहेरी धाडत होता?"

"धाडली व्हती."

"किती वेळा?"

"एकदाच."

"मग थोरलीला धाडलंत आणि धाकटीला नाही, हा दुजाभाव नव्हे? थोरली केव्हा परत आली?"

आत्याबाई पदरानं ओसरी पुसायला लागल्या. वकीलसाहेबांनी पुन्हा विचारलं, "केव्हा परत आली?"

"न्हाई आली," आत्याबाई म्हणाल्या. "तिकडंच तापानं गेली. म्याच धाडली व्हती, ह्या हातानं. डोई इंचरली, फुलं माळली. तिचा भाऊ म्हनला, आठ दिसांनी आनून घालतो. सांगावा आला तवा माती झाली व्हती." आणि मग त्या एकदम चिडून म्हणाल्या, "इचारा अजून! इचारा की!"

लग्न होऊन दोन वर्षं मी त्या घरात राहत होते. थोरली जाऊ वारली एवढं मला माहीत होतं, कुठे आणि कशी ते कोणी सांगितलं नव्हतं. मी आत्याबाईंना मनातल्या मनात कैदाशीण म्हणत होते.

वकीलसाहेब पाटीवरून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मला आणखी प्रश्न नाहीत." इतकं हळू बोललेले ते मी पहिल्यांदाच ऐकले. मला वाटलं, संपलं. काम फुकट गेलं आणि आईही गेली. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, दोन्ही हातांनी धरून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाले, "बाई, तापाला मी अडवू शकत नाही. तो माझ्या हातात नाही, तुमच्याही नव्हता. पण मी जामीन राहू शकतो. हे पागोटं माझं पोट आहे. हे डोक्यावर नसलं तर मला कोर्टात कोणी उभं करत नाही. ते तुमच्याकडे ठेवतो. आठ दिवसांनी पोर तुमच्या दारात उभी करीन तेव्हाच परत घेईन."

आत्याबाईंनी पागोट्याकडे बघितलं. मग त्यांच्या टकलाकडे बघितलं. म्हणाल्या, "आन पाऊस लागला म्हंजी?"

"डोकं आपोआप वाळतं."

आत्याबाई उठल्या, आत गेल्या आणि भिंतीचं इरलं काढून त्यांच्या अंगावर टाकलं. मला म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस? डोई इंचरून घे. न्हाई, थांब. म्याच इंचरते." त्यांनी माझे केस विंचरले, दोनदा सोडून पुन्हा बांधले. फुलं मात्र त्यांनी माळली नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काळ्या कोटावर इरलं घेतलेला वकील पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. वाटेत ते फारसं बोलले नाहीत. चढ संपून खिंडीत आलं की खाली नीरेचं खोरं आणि लांबवर भोरची घरं दिसतात. तिथे पोचल्यावर वकीलसाहेब एकदम खाली बसले आणि वहाणेचा अंगठा नीट करायला लागले. त्या अंगठ्याला काही झालं नव्हतं. ते माझ्याकडे पाठ करून बसून राहिले, माझं बघून होईपर्यंत. मग उठले आणि म्हणाले, "दुरुस्त झाला."

पुढे दर वर्षी त्याच जागी त्यांची वहाण बिघडायची.

आईनं मला दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं. आधी हातांनी चेहरा चाचपला, मग स्वतःची मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली. मधूनच म्हणायची, "हलू नगंस." भरल्या घागरीसारखी मी हललेच नाही. तिला काय काय दिसलं मला माहीत नाही. पण मला वाटतं, मी दिसले. नंतरच्या वर्षी त्या कोपऱ्यातूनही तिला काही दिसेना झालं.

ते आठ दिवस वकीलसाहेब कोर्टात गेले नाहीत, जाताच येत नव्हतं. बोडक्या डोक्यानं ओट्यावर बसून असायचे. येणारेजाणारे विचारायचे, "काय साहेब, पागोटं गहाण पडलं वाटतं?" ते गंभीरपणे सांगायचे, "गहाण नव्हे, जामीन. दोन्हींत फरक आहे." अशील वैतागले, दोघे-तिघे दुसऱ्या वकिलाकडे गेले. वकीलीणबाईंनी आईजवळ येऊन तक्रार केली, "तुमच्या लेकीच्या आहेरापायी आमच्या घरात आठ दिवस एकादशी आहे हो!" पण बोलता बोलता त्यांनी माझी ओटी भरली आणि पदराखालून चिवड्याची पुडी काढून माझ्या हातात ठेवली.

ठरल्या दिवशी त्यांनी मला वाडीत आणून उभं केलं. आत्याबाई ओसरीवरच बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं आणि आत जाऊन पागोटं आणलं. उंदरांनी कुरतडू नये म्हणून त्यांनी ते नव्या पाटीत घालून, फडकं बांधून आढ्याला टांगून ठेवलं होतं. वाडीतल्या पोरांना त्या खोलीत खेळायलासुद्धा बंदी होती.

मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "साहेब, माझं काम झालं. आहेर पोचला."

ते एकदम तडकले. "कोणी सांगितलं झालं म्हणून? निकाल लागलाय का? ही तडजोड आहे. तडजोडीला दर वर्षी तारीख पडते. पुढची तारीख नागपंचमी." आणि आत्याबाईंकडे वळून, "प्रतिवादींनी हजर राहावं."

असा कायदा कुठे आहे की नाही, मी कधी कोणाला विचारलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ की. म्या कुटं जाते?"

दर पंचमीला ते येत राहिले. पागोटं आत्याबाईंकडे, इरलं त्यांच्या अंगावर. हळूहळू आत्याबाई त्यांच्यासाठी आदल्या दिवशीपासून पिठलं आणि नाचणीच्या भाकरीची तयारी ठेवायला लागल्या. दोघं ओसरीवर बसून तास तास भांडायची. कशावर? तोरण्यावर आधी ढग येतो की आधी वारा येतो, यावर. मी माझ्या मुलीला घेऊन जायला लागले तेव्हा ते म्हणाले, "आता पक्षकार दोन झाले," आणि तिला खांद्यावर घेऊन खिंड चढले. आबा वारले त्या वर्षीही ते आले. आई पूर्ण आंधळी झाली तरी वाटेवर त्यांच्या पायांचा आवाज ऐकून उठायची.

आता मी त्या वयाची झाले आहे ज्या वयात माणसं गेलेल्यांची नावं घेत दिवस काढतात. मी फार नावं घेत नाही. पण श्रावण आला, डोंगर हिरवे झाले की माझी नजर आपोआप पायवाटेकडे जाते. मला त्यांचा कायदा नको, त्यांचं काम नको. काळ्या कोटावर इरलं घेतलेलं ते ध्यान एकदा त्या वळणावर दिसावं, एवढंच वाटतं. फार वाटतं.

एका वर्षी नेहमीसारखं पंचमीच्या आदल्या दिवशी मी गाठोडं बांधलं. आत्याबाईंनी पाटी धुऊन वाळत ठेवली, पिठलं केलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पिठलं गार झालं. आत्याबाई उठून सारखं बाहेर बघायच्या आणि करवादायच्या, "वकील आन तारीक चुकवतोय! इऊ दे त्याला, बगते." पंचमीच्या दिवशी सकाळी भोरच्या बाजूनं धनगरीण आली. ओसरीवर टेकली आणि म्हणाली, वकीलसाहेब आषाढातच गेले. कुठल्याशा गावाला तारखेला गेले होते, भिजत आले, ताप भरला आणि चार दिवसांत आटोपलं. ओढ्यांना पूर होते म्हणून आमच्याकडे कोणी सांगावा घेऊन येऊ शकलं नाही.

मी खांबाला टेकून खाली बसले. मला सगळ्यात आधी आईच आठवली. साहेब गेले हे माहीत असूनही ती आता दारात बसली असेल, कान लावून. आत्याबाई उठल्या. आत गेल्या, चूल पेटवली. भाकरी थापल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा हातात भाकरीचं गाठोडं होतं आणि त्यांनी कासोटा खोचलेला होता. यजमान म्हणाले, "आई, ह्या वयात खिंड? मी जातो हिला घिऊन."

"तू बस," त्या म्हणाल्या. "चल गं."

म्हातारी खिंड चढली. मधे मुक्काम केला, ओढ्यांत माझा हात घट्ट धरला. भोरात आलो तशी मी आमच्या आळीकडे वळायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, "आदी तिकडं," आणि वकीलसाहेबांच्या घरापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आत बायका बसल्या होत्या. वकीलीणबाई भिंतीशी होत्या, कपाळ मोकळं, नजर जमिनीला. दारातल्या एका बाईनं विचारलं, "कोण पाहिजे?"

"आमी वेल्ह्याकडून आलोय," आत्याबाई म्हणाल्या. "वकीलसायबांच्या भनीच्या सासरचे."

ती बाई गोंधळली. म्हणाली, "अहो, त्यांना बहीण नव्हती."

आत्याबाईंनी माझा दंड धरून मला पुढे केलं.

"ही काय," त्या म्हणाल्या. "सांगावा उशिरा मिळाला. भाकरी आनलीया तिच्या हातची म्हना, माझ्या हातची म्हना. दुखवट्यात भनीकडचा घास ऱ्हायला नगो."

वकीलीणबाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि सरकून आपल्या शेजारी जागा करून दिली.